खोडलेल्या ओळीखालची टिंबे

७ नोव्हेंबर, मंगळवार. छापखान्याच्या खजिनदाराने तिच्यासमोर दोनशे सहा रुपये चाळीस पैसे मोजून ठेवले आणि दोन ठिकाणी सह्या मागितल्या. एकशे तीस रुपये तिचा ऑक्टोबरचा पगार. उरलेले शहात्तर रुपये चाळीस पैसे नवऱ्याचे, महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांचे. तेराव्या दिवशी सकाळी तो राखीव यादीतल्या लोकांच्या गाडीत बसून युद्धावर गेला होता.

"त्यांच्या नावापुढे 'करिता' लिहा आणि तुमची सही करा," खजिनदार म्हणाला.

तिने लिहिले. मग खजिनदाराच्या वहीत वरच्या ओळीत 'ऑक्टोंबर' लिहिलेले दिसले, त्यातला अनुस्वार तिने त्याच पेनाने खोडला आणि पैसे पिशवीत टाकले. खजिनदाराने वही पुढे ओढून पुढचे नाव पुकारले. त्याला सवय होती.

छापखान्यात तिला वाचकबाई म्हणत, कारण मूळ कागद मोठ्याने वाचणे हे तिचे काम. नवरा तपासनीस. ती वाचायची आणि तो समोरच्या कच्च्या छपाईवर नजर ठेवून चुका टिपायचा. वाचायचे ते विरामचिन्हांसकट, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते सांगत. काचेच्या आडोशामागे एक टेबल, दोन खुर्च्या, वाकड्या मानेचा दिवा, आणि पलीकडून सतत येणारा यंत्राचा खडखडाट. नऊ वर्षे दोघे तिथे समोरासमोर बसले. पहिली तीन पगारी माणसे म्हणून, पुढची सहा नवरा-बायको म्हणून. सवय इतकी भिनली होती की घरीही तिच्या तोंडून निघून जायचे, "अहो स्वल्पविराम दूध उतू जातंय उद्गारचिन्ह!"

शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी दोघांना नावे ठेवली होती. तो दर तीन शब्दांनी थांबून बोले, म्हणून तो स्वल्पविराम. ती बोलली की पुढे कुणाला बोलायला जागा उरत नसे, म्हणून ती पूर्णविराम. लग्न ठरले तेव्हा फोरमनमामा म्हणाले होते, "आता लवकर एखादा अर्धविराम येऊ द्या." तो काही आला नाही, आणि दोघांनी त्याचा गवगवाही केला नाही.

नवऱ्याचे काम डोळ्यांत तेल घालून करण्याचे, आणि तो ते तसेच करी. नको असलेला शब्द खोडताना त्याची रेघ किंचित वाकडी जाई आणि शेवटी आकड्यासारखी वळे. खोडलेले पुन्हा हवेसे वाटले तर तो त्या शब्दांखाली बारीक टिंबे देई आणि समासात लिही, 'असू दे'. ही छापखान्याची रीत. टिंबे दिसली की खिळे जुळवणारा ती रेघ मारलेलीच नाही असे समजून चालतो. एवढ्या वर्षांत त्याने एका ओळीची दुरुस्ती दुसऱ्या ओळीत कधी केली नव्हती. नवीन माणूस आला की फोरमनमामा त्याला हे आवर्जून ऐकवत.

तो गेल्यावर मामांनी तिला त्याच्या खुर्चीत बसवले. "पगार तुझाच, खुर्ची त्याची," असे स्पष्ट सांगून बसवले. समोर वाचायला हिशेबनीस बसू लागला. तो विरामचिन्हे गिळायचा आणि दर पानाला जांभई द्यायचा.

घरी दोन खोल्या, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग खिडकीला लावलेला, म्हणजे टपालवाला कोपऱ्यावर वळला की आधी त्यांना दिसावा. सासूबाईंचे हृदय अधू होते. डॉक्टरांनी सांगितले होते, यांना दचकवू नका. त्यामुळे खाली टायर फुटला तरी सूनबाई आधी पलंगाकडे बघायची.

आघाडीवरून सविस्तर पत्रे येणे पहिल्या पंधरा दिवसांतच बंद झाले. त्याऐवजी छापील कार्डे येऊ लागली. कार्डावर पाच ओळी होत्या:

मी खुशाल आहे.
मला इस्पितळात दाखल केले आहे, प्रकृती सुधारत आहे.
तुमचे पार्सल मिळाले.
बऱ्याच दिवसांत तुमचे पत्र नाही.
सवडीने पत्र लिहीन.

खाली तारीख आणि सहीला जागा. सर्वांत खाली ठळक अक्षरांत सूचना होती: लागू नसलेल्या ओळी खोडाव्यात. याखेरीज एकही अक्षर लिहिल्यास कार्ड नष्ट करण्यात येईल.

पहिले कार्ड आले तेव्हा ती उभ्या उभ्याच हसली. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मेलं, एवढं काय लिहिलंय हसण्यासारखं?"

"काही नाही आई. 'खुशाल'मधला 'शा' निम्मा उठलाय. यांना किती त्रास झाला असेल, आणि दुरुस्त करायची सोय नाही."

"जीव धोक्यात आहे त्याचा, आणि तुला 'शा' दिसतोय!"

दुसरे कार्ड नोव्हेंबरच्या अखेरीस आले. त्यात 'बऱ्याच दिवसांत तुमचे पत्र नाही' ही ओळ त्याच्या नेहमीच्या आकडेबाज रेघेने खोडलेली होती. ती कार्ड ठेवून द्यायला निघाली आणि थांबली. ओळीखाली टिंबे होती. बारीक, सारख्या अंतरावर, पेनाचे टोक चुकून टेकले असेल असे कुणालाही वाटावे इतकी साधी. 'असू दे.' म्हणजे पत्र नाहीच. तिने तर चार पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तिने पत्ता पडताळून पाहिला, तेव्हा तुकडीचा क्रमांक जुना निघाला. आईला तक्रार दिसू नये आणि बायकोला कळावे, म्हणून त्याने ही युक्ती केली होती. आधी काही ठरलेले नव्हते. ठरवायची गरज पडली नाही.

पत्रे तपासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटेल असे दोघांचे हे टपाल तिला फार आवडले. तिने नव्या क्रमांकावर पत्र पाठवले, आणि पाठोपाठ एक पार्सल. त्यात लोकरीचे मोजे, गळपट्टा, साबणाच्या दोन वड्या आणि टोक काढलेल्या चार पेन्सिली. "सैनिकाला पेन्सिली कशाला?" सासूबाईंनी विचारले. "कानावर ठेवायला," ती म्हणाली.

मग १९ डिसेंबरच्या तारखेचे कार्ड आले. 'मी खुशाल आहे' आणि 'सवडीने पत्र लिहीन' या दोन ओळी शाबूत, मधल्या तिन्ही खोडलेल्या. रेघा मात्र या वेळी एकदम सरळ होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या.

"युद्धात याला पट्टी कुठून मिळाली?" सासूबाईंनी कार्ड लांब धरून विचारले.

"मिळाली असेल कुणाची. शिस्त लागली तुमच्या मुलाला."

आणि 'तुमचे पार्सल मिळाले' या खोडलेल्या ओळीखाली टिंबे होती. या खेपेस जरा तिरकी, जरा विस्कटलेली. सहीही उताराला लागलेली. ट्रकात गुडघ्यावर ठेवून लिहिले असेल, असे तिने मनाशी म्हटले. तो दारूगोळा पोचवणाऱ्या ट्रकांच्या तुकडीत होता, एवढे तिला माहीत होते. पार्सल मिळाले! मोजे पायांत असतील, पेन्सिल कानावर असेल. मग मुळात ओळ खोडलीच कशाला, हा प्रश्न तिच्या मनात डोकावला, पण तिने त्याला बसायला जागा दिली नाही. चुकून खोडली असेल, मग टिंबे दिली. छापखान्यात रोज होते. त्या आठवड्यात तिने हिशेबनिसाच्या जांभयाही सहन केल्या.

२२ जानेवारी, सोमवार. ती कामावरून घरी आली तर सासूबाई पलंगावर ताठ बसलेल्या. त्यांच्या पायाशी पार्सल. तेच पार्सल, तीच सुतळी, तिने स्वतः मारलेली गाठ. वर जांभळा शिक्का होता: घेणारा या ठाण्यावर नाही.

"या ठाण्यावर नाही म्हणजे?" सासूबाईंनी विचारले. त्यांचा आवाज कोरडा होता.

"म्हणजे बदली झाली, आई. दुसऱ्या ठाण्यावर आहेत."

"एवढंच?"

"एवढंच."

'नाही' या शब्दाचे किती अर्थ होतात हे तिला सांगायला कोणी नको होते. ती मागच्या खोलीत गेली, दार लोटले आणि डब्यातून सगळी कार्डे काढून जमिनीवर मांडली.

पार्सल न उघडताच परत आले होते. म्हणजे ते त्याला मिळालेलेच नव्हते. मग १९ डिसेंबरची टिंबे? नवरा खोटे टिंब देणारा नव्हता. तिने कार्ड दिव्याखाली धरले. टिंबे दोन ओळींच्या मधल्या जागेत सुरू होऊन खाली घसरत गेली होती. ती खालच्या ओळीची नव्हतीच. ती वरच्या ओळीला द्यायची होती, 'मला इस्पितळात दाखल केले आहे', आणि एका ओळीने खाली पडली होती.

एका ओळीने. ज्या माणसाने नऊ वर्षांत ओळ चुकवली नाही, त्याने.

तेव्हा तिला सरळ रेघांचा अर्थ लागला. त्या त्याने मारल्याच नव्हत्या. दुसऱ्या कुणी मारल्या होत्या, आणि टिंबे आणि सही तेवढी त्याची होती. हात शाबूत होता. दिसत नव्हते.

तिने कार्डे गोळा करून डब्यात ठेवली. मग उठून चूल पेटवली, कारण सासूबाईंच्या औषधाआधी काहीतरी पोटात जायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी तिने मामांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि कार्ड दाखवले. मामांनी भिंग लावून पाहिले. "टिंबं हाताने दिलीत, यात शंका नाही," ते म्हणाले. "आणि रेघा त्याच्या नाहीत. अगं, त्याच्या रेघेला शेपूट असतं." त्यांनी भिंग खाली ठेवले आणि उगाचच टेबलावरचा एक खिळा उचलून खणात टाकला. "जा. पूर्ण दिवस घे."

सैनिकांच्या कुटुंबांसाठी चौकशी कचेरी होती, तिथे ती रांगेत दीड तास उभी राहिली. कारकुनाने कार्ड उलटसुलट केले.

"बाई, खुशाल आहेत की. लिहिलंय."

"ते आईसाठी आहे. इस्पितळाची ओळ बघा."

"खोडलीय."

"खाली टिंबं आहेत."

"ती तर पार्सलच्या ओळीखाली आहेत."

"ओळ चुकलीय. टिंबं म्हणजे असू दे."

कारकुनाने तिच्याकडे नीट पाहिले. "मग असू द्या ना बाई. कशाला जिवाला घोर लावून घेता?" मागच्या रांगेतले दोघे हसले. "जखमी झाले तर तार येते. तार आली नाही म्हणजे ठीक आहेत. पुढचे."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण कारकुनाचे चुकले नव्हते हेही तिला कळत होते. तो त्याच्यापुढे आलेले वाचत होता. तिने कार्डे पुन्हा काढली, आणि या वेळी छापलेले न वाचता शिक्के वाचले. आधीच्या सगळ्या कार्डांवर लष्करी टपाल ठाणे क्रमांक ३१. शेवटच्यावर ५६. इतके दिवस तिने मजकूर तपासला होता, शिक्का तपासला नव्हता.

टपाल कचेरीतले पोस्टमास्तर निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे गृहस्थ होते. तिने विचारले, "छप्पन नंबरचं ठाणं कुठलं?"

"ते सांगायची मनाई आहे."

"इस्पितळ आहे का, एवढंच सांगा."

"तेही सांगता येत नाही." ते थोडे थांबले. "पण तळावरच्या मोठ्या इस्पितळाला ट्रंक कॉल लावायचा म्हणालात, तर मला नाही म्हणता येणार नाही. तसा नियम नाही."

"तळावरच्या मोठ्या इस्पितळाला ट्रंक कॉल लावायचा आहे," ती म्हणाली.

तीन मिनिटांचे पैसे तिने आगाऊ भरले. सव्वाअकराला कॉल नोंदवला. ती बाकावर बसली. लोक आले, तिकिटे घेऊन गेले, कुणी डिंकाच्या भांड्यात बोट बुडवून भिंतीला पुसले. अडीच वाजता पोस्टमास्तरांनी आपल्या डब्यातले अर्धे तिच्यापुढे सरकवले. "खा. उपाशीपोटी लाइन लवकर लागते असं काही नाही." चार वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली. इस्पितळातल्या कुणीतरी नाव, नंबर विचारले, "थांबा" म्हटले, आणि तीन मिनिटांतली दीड मिनिटे नुसत्या पावलांच्या आवाजात गेली.

"हॅलो, कोण?"

"मी. पूर्णविराम."

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी आपटला.

"तुमची ओळ चुकली," ती म्हणाली.

"किती?"

"एक. टिंबं पार्सलच्या ओळीखाली गेली."

"तरीच. नर्सने माझं बोट, दुसऱ्या ओळीखाली, धरून ठेवलं होतं. मग तिला कुणी हाक मारली. बोट सरकलं वाटतं. तार मीच, पाठवू दिली नाही, आई दचकेल म्हणून. मी म्हटलं, आठ दिवसांत, तुझा फोन येईल, नाहीतर कुणी येईल. महिना झाला."

"पार्सल परत आलं काल. तेव्हा कळलं. डोळे?"

"काच गेली. ट्रकची. उजवा गेला."

"आणि डावा?"

"डाव्यावर पट्टी आहे. गुरुवारी काढणार. डॉक्टर म्हणतात, दिसेलही. नाहीही."

मधेच ऑपरेटरचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" तिच्याकडे परतीच्या बसपुरते पैसे होते. तिने पोस्टमास्तरांकडे पाहिले. त्यांनी स्वतःच्या खिशात हात घातला आणि मान हलवली. "वाढवा," ती म्हणाली.

"आईला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"खुशाल आहे म्हणून सांग."

"ती ओळ मी खोडणार आहे."

तो हसला. मग म्हणाला, "काहीतरी वाच. महिनाभर कुणी वाचलं नाही. इथे सगळे, नुसते बोलतात."

तिच्यासमोर भिंतीवर टपाल खात्याची सूचना होती, तीच तिने वाचायला घेतली. "पत्ता सुवाच्य अक्षरात लिहावा पूर्णविराम. नाणी स्वल्पविराम दागिने व ज्वालाग्राही वस्तू पाकिटात घालू नयेत पूर्णविराम."

"'सुवाच्य' बरोबर छापलंय?"

"दीर्घ 'सू' आहे."

"कुणी छापलंय?"

ती वाकली आणि तळाची बारीक ओळ पाहिली. "आपणच."

"मामांना सांग," तो म्हणाला, आणि लाइन तुटली.

घरी जाऊन तिने सासूबाईंना आधी औषध दिले, मग पलंगाच्या कडेवर बसून सगळे सांगितले, न अडखळता. सासूबाईंनी ऐकून घेतले. डोळ्यांना पदर लावला, आणि काढला.

"मला पट्टीवरूनच शंका आली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाने जन्मात सरळ रेघ मारलेली नाही. शाळेत मार खाल्लाय त्यापायी."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"तू पार्सल मिळालं म्हणून नाचत होतीस. म्हटलं, तुझं तरी हृदय कुणी तपासलंय."

गुरुवार गेला. शुक्रवार, शनिवारही गेले. जवळच्या माणसांना भेटीची परवानगी मिळायला दहा दिवस लागत, त्यासाठी तिने अर्ज दिला होता. छापखान्यात ती काम करत होती, पण मंगळवारी मामांनी तिची दोन पाने निमूटपणे परत आणून ठेवली. त्यात सात चुका राहिल्या होत्या. बुधवारी कार्ड आले. सासूबाईंनी टपालवाल्याला खिडकीतूनच पाहिले, पण खाली उतरवेना, म्हणून सायकलवाल्याला हाक मारून वर मागवले आणि सून येईपर्यंत उशीखाली ठेवले. वाचायचे धाडस झाले नाही.

ती आली, हात न धुताच कार्ड घेऊन खिडकीशी गेली. पार्सलची आणि पत्राची अशा दोन ओळी खोडलेल्या होत्या. रेघा वाकड्या, शेवटी आकडा. इस्पितळाची ओळ उघडीच ठेवलेली होती, लपवाछपवी नव्हती. आणि पहिल्या ओळीत, निम्म्या उठलेल्या 'शा'वर, त्याने पेनाने बारीक रेघ ओढून अक्षर पूर्ण केले होते. याखेरीज एकही अक्षर लिहू नये असा नियम होता. हे अक्षर आधीचेच होते, म्हणून बहुधा सुटले.

"दिसतंय त्यांना, आई," ती म्हणाली. "एका डोळ्याने. पण 'शा' दिसतोय."

तो एप्रिलमध्ये घरी आला. बारीक छपाई वाचली की तासाभरात डाव्या डोळ्यातून पाणी येई, म्हणून तपासनिसाची खुर्ची तिच्याकडेच राहिली आणि पगारही त्याच महिन्यापासून एकशे एक्याण्णव झाला. त्यासाठी तिला मालकांशी दोनदा बोलावे लागले. हस्तलिखिताची मोठी अक्षरे त्याला चालत, तेव्हा तो समोर बसून वाचू लागला. प्रत्येक स्वल्पविरामाशी इतका थांबे की रोजची दोन पाने मागे राहू लागली. मामा कुरकुरले. तिने सांगितले, "पाने मी भरून काढते, त्यांना थांबू द्या." हिशेबनीस आपल्या जागी परत गेला आणि सर्वांत आनंद त्यालाच झाला. सासूबाई पुढे अकरा वर्षे जगल्या.

ट्रंक कॉलच्या वाढीव तीन मिनिटांचे पैसे पोस्टमास्तरांनी भरले होते. पुढच्या पगाराला ती ते घेऊन गेली तेव्हा ते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते. नव्या मास्तरांकडे त्यांचा पत्ता नव्हता. अकरा रुपये वीस पैसे अजून द्यायचे आहेत.